वाघीण मळवायची, पण कशानं मळली ते आधी ठरवून

इचलकरंजीहून एका मॉडेलवाल्यांनी विचारलंय. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, त्यांनी एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन (बॉडी थ्रीडी प्रिंटची, चॅसी विकतची) आणि सहा बॉक्सएन वाघिणी, म्हणजे वरून उघडे मालडबे, घरी बांधल्या. स्प्रे कॅनने रंगवल्या, जुन्या दिसाव्यात म्हणून काळं वॉश, म्हणजे अगदी पातळ रंगाचा हात, दिलं, तपकिरी पावडर चोळली आणि वरून मॅट वार्निश मारलं. आता म्हणे अख्खी गाडी ‘रंकाळ्यातून वर आलेल्या म्हशीगत’ दिसते, आणि वार्निशवर पांढरट धुकं आलंय. प्रश्न दोन: वेदरिंगची, म्हणजे जुनं-मळकं दाखवायची, पावडर कुठल्या कंपनीची घ्यावी आणि एअरब्रश कुठला?

उपमा त्यांचीच आहे, आणि इतकी चपखल आहे की दुखणं काय ते तिच्यातच आलं. म्हैस चिखलात बसते तेव्हा सगळीकडून सारखी माखते. वाघीण तशी मळत नाही. तिच्यावरच्या प्रत्येक डागाला कारण असतं: पाणी कुठून ओघळतं, ब्रेकची धूळ कुठवर उडते, माल भरणाऱ्या यंत्राची बकेट कुठे आपटते. तुम्ही सगळीकडे सारखंच मळवलंत. पावडर कितीही महाग आणली तरी पुन्हा म्हैसच होणार. म्हणून तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी देतो.

मी धंद्याने पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करण्यात हयात गेली, आणि वीसेक वर्षं हा रेल्वेचा नाद आहे. तेव्हा जे सांगतोय ते माझ्या बाकावरचं. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर फरक पडेल. गाडी काचेच्या कपाटात राहणार की रुळावर रोज फिरणार, खोलीत पिवळा दिवा आहे की पांढरी ट्यूब, बॉडी रेझिनची की साध्या प्लास्टिकची, यावर बरंच अवलंबून आहे. पिवळ्या दिव्याखाली गंजाचा रंग हमखास जास्त तांबडा दिसतो, म्हणून जिथे गाडी ठेवणार त्याच उजेडात रंगवा.

आधी एक साधा हिशोब. तुम्ही मॉडेल साधारण एका फुटावरून, ३० सेंटिमीटरवरून पाहता. १:८७ ला ते खऱ्या गाडीपासून २६ मीटरवर उभं राहिल्यासारखं झालं. एवढ्या लांबून टिकलीएवढे पोपडे दिसतात का? नाही दिसत. उलट, तुम्ही ब्रशने १ मिलिमीटर रुंदीचा गंजाचा ओघळ काढलात तर खऱ्या वाघिणीवर तो जवळजवळ ९ सेंटिमीटरचा पट्टा होतो. नवख्या माणसाचं वेदरिंग खोटं वाटतं ते बहुतेक वेळा याच मापापायी. रंग बरोबर असतो, डाग राक्षसाच्या मापाचा असतो.

म्हणून पहिलं काम रंगाचं नाही, बघण्याचं. कोल्हापूर स्टेशनला किंवा मिरजेला फलाटावर तासभर उभं राहा. (यार्डात शिरू नका, रुळावर उतरू नका. फलाटावरून जे दिसतं ते पुरे आहे.) मालगाडी आली की एकच वाघीण निवडा आणि वरून खाली वाचत या.

मी मिरजेला पाहिलेली एक बॉक्सएन सांगतो. वरची कडा, जिथे माल भरताना बकेट घासते, तिथे रंगच नव्हता. गंजही तांबडा नव्हता, गडद तपकिरी होता, आणि मधे दोन ठिकाणी ताजं घासलेलं लोखंड चकाकत होतं. बाजूचे पत्रे आतून मार खाऊन उभ्या खांबांच्या मधे बाहेर फुगलेले. त्या फुगवट्यावर रंग उन्हाने विटून गुलाबीसर झालेला आणि खांबांच्या कडेच्या खोबणीत मूळचा गडद रंग शाबूत. दारांच्या बिजागऱ्यांखाली बारीक ओघळ, वर गडद आणि खाली जाता जाता विरलेले. खाली बोगी, म्हणजे चाकांचा सांगाडा, तर वेगळ्याच गाडीची वाटावी अशी: रंग ओळखू येईना, ब्रेकची धूळ आणि ग्रीस मिळून एकच मातकट तपकिरी. पण चाकाचा रुळावर टेकणारा भाग लखलखीत. आणि सगळ्यात गंमत म्हणजे बाजूला एक लहानसा चौकोन नव्या रंगाचा, त्यात ओव्हरहॉलची तारीख पांढऱ्या अक्षरांत. म्हातारीच्या नऊवारीवर नवं ठिगळ.

या एका वाघिणीत सहा वेगवेगळी कारणं आहेत. तुमच्या वॉशमध्ये एकच होतं.

वय ठरवायला वाघिणीचा नंबरच मदत करतो. आपल्या मालवाघिणींवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन कुठल्या रेल्वेची ते सांगणारे, पाचवा-सहावा बांधणीचं वर्ष, मग चार आकडे अनुक्रमाचे आणि शेवटचा एक तपासणीचा. तुम्ही नंबरात नवं वर्ष लिहून वाघीण गंजून चाळण केलीत तर जाणकार माणूस हसेल. आधी नंबर ठरवा आणि त्या वयाला शोभेल तेवढंच मळवा. सहाही वाघिणी एका वयाच्या नकोत. एक नुकती वर्कशॉपातून आलेली, तीन मध्यम, दोन जर्जर अशा धरा. नव्या वाघिणीमुळेच जुन्या जुन्या दिसतात.

मातीचंही तसंच. मिरज-कोल्हापूर पट्ट्यात काळी माती आहे. तुमची गाडी या मार्गाची असेल तर खालच्या भागावरची धूळ करडी-तपकिरी हवी. कोकण रेल्वेची असेल तर जांभ्याची तांबडी. आणि कोणी कोल्हापूरचं जुनं स्टेशन करायला बसलं असेल तर आठवण देतो: इथे रेल्वे १८९१ मध्ये आली ती मीटरगेजची, आणि १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. त्याआधीचं दृश्य हवं तर १२ मिलिमीटरचा रूळ लागेल. ब्रॉडगेजचीही गोची आहेच. १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागलं की १९.३ येतात आणि बाजारातला एचओ रूळ १६.५ चा, म्हणून समोरून पाहिलं की आपल्या गाड्यांची चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. चाकांच्या बाहेरच्या बाजू आणि बोगीच्या आतल्या बाजू गडद ठेवल्या की ते बरंच झाकलं जातं.

आता बांधणी आणि अस्तर. याबाबत जास्त सांगत बसत नाही, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत बांधणी छान दिसते. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १९७ मिलिमीटरच्या आसपास. तुमचं १९६ भरलंय, चालेल. ट्रायमाउंट (तीन चाकजोडांच्या) बोगीतला मधला चाकजोड बरोबर मध्यावर नसतो हेही तुम्ही पाळलंय, तिथे बरेच जण चुकतात. फक्त हूडच्या गोलाईवर प्रिंटचे थर दिसतायत. प्रिंट नीट धुऊन, उन्हात पूर्ण कडक करून, आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. अस्तराचा पातळ हात मारा, टॉर्च आडवा धरून बघा, परत घासा. गॅरेजमध्ये लांबी (पुट्टी) भरतात तीच पद्धत, फक्त पोलिशपट्टीऐवजी बोटाचं टोक.

हँडरेल पितळी तारेचे केलेत तर ०.४ मिलिमीटरची तार घ्या. डाग देताना (सोल्डर करताना) शेजारचा सांधा सुटतो ही सगळ्यांची तक्रार. हुपरीच्या एका चांदीकामगाराने मला दाखवलं होतं: आधीच्या सांध्याला ओल्या कापसाचा बोळा लावून चिमट्याने पकडायचं, उष्णता तिथेच अडते. दोन मिनिटांचं शिक्षण, पण त्यावर माझी किती इंजिनं उभी राहिली.

प्लास्टिकवर ड्यूकोचा (मोटारींच्या रंगाचा) थिनर थेट मारू नका. माझ्या पहिल्या इंजिनाची कॅब अशीच गेली. दुकानदाराने ‘कशावरही चालतो’ म्हणून दिला, मी विश्वास ठेवला आणि खिडकीच्या चौकटी मेणासारख्या वाकल्या. त्या थिनरमधली द्रावकं पॉलिस्टायरीन विरघळवतात. प्लास्टिकला आधी ॲक्रिलिक अस्तर, मग पुढचं.

आता तुमचं पांढरं धुकं. तुम्ही वार्निश जुलैत मारलंत, बरोबर? कॅनमधलं द्रावक झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि आपल्या पावसाळी हवेतली वाफ त्यावर बसते. ती वार्निशमध्ये अडकली की पांढरी. जून ते सप्टेंबर मी कॅन हातात घेत नाही. अगदीच नड असली तर पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी, खोक्यात साठ वॅटचा जुना बल्ब लावून, मॉडेल आणि कॅन दोन्ही कोमट करून. ड्यूकोवाले पेंटर याचसाठी थिनरमध्ये रिटार्डर घालतात, म्हणजे द्रावक हळू उडतं. तुमचं धुकं बहुतेक जाईल. कोरड्या दिवशी त्यावर ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात मारा, पांढरेपणा त्यात मुरतो. तो वाळला की मॅट. नाही गेलं तर खालपर्यंत उतरवावं लागेल, पण आधी हे करून बघा.

रंगाच्या हातांबद्दल एवढंच की जाड एका हातापेक्षा पातळ तीन बरे. ॲक्रिलिक दुधाइतकं पातळ करा, दाब १५ ते २० पीएसआय. आणि वाघिणीचा रंग डबीतून निघाला तसा मारू नका, थोडा पांढरा किंवा फिक्का मातकट टाकून उजळवा. मोठ्या वस्तूवरचा रंग लहान मॉडेलवर आहे त्यापेक्षा गडद दिसतो.

नंबर आणि अक्षरांचे डिकल (पाण्याने चिकटणारे छापील पापुद्रे) चकचकीत पृष्ठभागावरच लावा. मॅटवर लावले की खाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी कडा दिसते. म्हणजे क्रम असा: अस्तर, रंग, ग्लॉस, डिकल, पुन्हा ग्लॉसचा हलका हात, आणि मग मळवणं.

मळवण्याआधी रंग विटवा. मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून अगदी पातळ करा आणि फक्त खांबांच्या मधल्या पत्र्यांवर, मध्यभागी, फवारा. कडा गडद राहू द्या. तो गुलाबीसर फुगवटा आठवा. एवढ्यानेच वाघीण अर्धी जुनी होते.

मग वॉश. काळा रंग सोडा. कॅमलच्या तैलरंगाची बर्न्ट अंबरची (गडद तपकिरी) ट्यूब घ्या, चिमूटभर काळा मिसळा. रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तासभर ठेवा म्हणजे त्यातलं तेल पुठ्ठा पितो, नाहीतर डाग चकाकतो. मग बिनवासाच्या थिनरमध्ये पातळ करून बारीक ब्रशच्या टोकाने फक्त खांब आणि पत्रा मिळतात त्या रेषेत टेकवा. रंग आपोआप धावतो. पंधरा-वीस मिनिटांनी थिनरने जेमतेम ओला केलेला चपटा ब्रश वरून खाली ओढा, फक्त वरून खाली. पाणी आडवं वाहत नाही. वॉशचं डबकं मात्र उघड्या प्लास्टिकवर साचू देऊ नका, ताण असलेल्या सांध्यात थिनर मुरला की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. खाली रंग आणि वार्निशचा थर हवाच.

बॉक्सएनची आतली बाजू हा या कामातला सगळ्यात मजेचा भाग, आणि तोच बहुतेक जण काळा फासून संपवतात. कोळशाची वाघीण आतून काळी नसते. घासून घासून रंग उडालेला, गंजलेला पत्रा असतो आणि काळं असतं ते कोपऱ्यात आणि तळाच्या खोबणीत. मी आत आधी गंजाचा गडद तपकिरी मारतो, त्यावर न्हाव्याकडे मिळतो तो साधा हेअरस्प्रे, वाळल्यावर वाघिणीचा ॲक्रिलिक रंग. तासाभराने पाणी लावून ताठ ब्रशने घासलं की हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग पोपड्यांनी सुटतो, खालचा गंज उघडा पडतो. किती सुटेल ते आपल्या हातात नसतं, म्हणूनच ते खरं वाटतं.

पावडर शेवटी. तिच्यासाठी परदेशी डब्या मागवल्यात तर हरकत नाही, पण मी गेरू, पिवडी आणि लाकडी कोळशाची पूड मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून वापरतो. रांगोळी नको, तिचे दाणे या मापात खडीसारखे दिसतात. आणि जोतिबाचा गुलाल तर नकोच नको, एका मित्राने हौसेने वापरला, त्याची वाघीण अजून यात्रेवरून आल्यागत दिसते. पावडर मऊ ब्रशने खालच्या तिसऱ्या भागावर आणि बोगीवर, तीही अर्धी झटकून. त्यावर मॅट वार्निश मारलं की निम्मी दिसेनाशी होते, म्हणून कपाटातल्या गाडीला मी वरून काहीच मारत नाही. फिरणाऱ्या गाडीला हात लागतो, तिला थोडी जास्त पावडर आणि दुरून एकच फवारा.

इंजिनाला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. वाघिणीला कोणी धूत नाही, इंजिनाला शेडमध्ये पाणी लागतं. त्याच्या बाजू बऱ्यापैकी स्वच्छ आणि घाण विशिष्ट जागी असते: धुराड्याभोवती छतावर काजळी, रेडिएटरच्या जाळीत धूळ, डिझेल भरायच्या तोंडाखाली टाकीवर ओला चकचकीत काळा ओघळ, पायऱ्यांवर बुटांनी घासलेला रंग. डब्ल्यूडीएम-२ सारखी आल्को या अमेरिकी कंपनीच्या आराखड्याची इंजिनं काळा धूर सोडण्यासाठी प्रसिद्धच, पण तो धूर छतावर बसतो, दारावर नाही. तेलाच्या ओघळाला मॅट नको, ग्लॉस हवा. त्या एका ओल्या चमकेने इंजिन चालू वाटतं. टँकर म्हणजे बीटीपीएन केलीत तर तिथेही हेच: घुमटाच्या तोंडापासून पिंपावर उतरलेले गडद, चमकदार पट्टे.

चालवण्याबद्दल एक. पावडर मारताना बॉडी चॅसीवरून काढा. चाकांचं रुळावर टेकणारं तोंड आणि करंट घेणाऱ्या पट्ट्या कोरड्या, स्वच्छ ठेवा, नाहीतर गाडी जयसिंगपूरला धक्के खात थांबते. वाघीण हलकी असली की वळणावर उतरते. एनएमआरए या अमेरिकी संस्थेची शिफारस एचओसाठी १ औंस, वर दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. बॉक्सएन खऱ्यात १०.७१३ मीटर, मॉडेलमध्ये १२३ मिलिमीटर, म्हणजे ४.८ इंच. हिशोबाने साडेतीन औंसाला थोडी कमी, ९७ ग्रॅमच्या आसपास. तुमच्या वाघिणी रिकाम्या दाखवायच्या आहेत, तेव्हा वजन तळाखाली फ्रेमच्या मधे चिकटवा. उद्यमनगरात किलोवर नट मिळतात, तेवढ्यात भागतं.

आता तुमचे मूळ प्रश्न. पावडरचं वर सांगितलं. एअरब्रश ड्युअल ॲक्शन, म्हणजे एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही सांभाळणारा, ०.३ मिलिमीटर नोझलचा, कुठल्याही बऱ्या कंपनीचा. पैसे त्यात कमी आणि कॉम्प्रेसरमध्ये जास्त घाला: टाकी असलेला आणि पाणी गाळणारा ट्रॅप असलेलाच घ्या, आपल्या हवेत ट्रॅपशिवाय पावसाळ्यात रंगात थेंब येतात. घेण्याआधी गणपतीच्या महिन्या-दीड महिना अलीकडे कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चक्कर मारा. तिथली पोरं गन कशी धरतात, फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच कसा संपवतात, हे बघण्यासारखं आहे. मी तिथेच शिकलो. आणि तोंडाला रुमाल नव्हे, कार्ट्रिजवाला मास्क.

या सहा वाघिणी टाकून देऊ नका. वॉश एनॅमलचं असेल आणि वर ॲक्रिलिक वार्निश नसेल तर बिनवासाच्या थिनरमध्ये भिजवलेल्या इअरबडने बरंचसं निघेल. ज्यांवर ॲक्रिलिक वार्निश आहे त्या वाघिणी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवा, ॲक्रिलिक सालपटासारखं सुटतं. आधी तळाच्या कोपऱ्यात थेंब टाकून प्लास्टिक मऊ होत नाही ना ते बघा. एक वाघीण मात्र आहे तशीच ठेवा, रेकच्या मधोमध जोडा. इंजिन आणि पाच वाघिणी नीट झाल्या की ती सहावीही कुठल्या तरी सिमेंटच्या धक्क्यावरून आल्यासारखी खपून जाईल.